देवापुढची फाईल

विद्यापीठाने जाहीर केलेली शेवटची तारीख शेवटची नसते, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. बी.एस्सी.ची तीन वर्षं मी घाटकोपरच्या एका कॉलेजात काढली, आणि त्या तीन वर्षांत परीक्षेचा एकही फॉर्म पहिल्या तारखेला बंद झाल्याचं मला आठवत नाही. आधी तारीख, मग मुदतवाढ, मग विलंब शुल्कासह मुदतवाढ, आणि एवढं होऊनही जे जागे झाले नाहीत त्यांच्यासाठी अतिविलंब शुल्क. मागच्या परीक्षेत आपण नापास झालोय हे मुलांना पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरल्यावर कळायचं. बाबा म्हणायचे, "शिंप्याचो वायदो नि तुमच्या इद्यापीठाची तारीख, दोनय सारखीच."

बाबा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात होते. आजोबा गिरणीत होते, गिरणी गेली तसे ते गावी गेले. बाबा मात्र घाटकोपरच्या डोंगरावरच्या खोलीत तग धरून राहिले. दहावी शिकलेले. माझ्या शिक्षणाचा त्यांना अभिमान होता, आणि तो अभिमान ते चारचौघांत नव्या शर्टासारखा घालून फिरत. मला त्याची लाज वाटायची. पुढे त्या अभिमानाने माझं काय केलं ते सांगायलाच हे लिहितेय.

मला जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. ते करायच्या जागा दोन. एक, विद्यापीठाचा स्वतःचा विभाग, जिथे मोजक्याच खुर्च्या आणि त्यांवर साऱ्या मुंबईचा डोळा. दुसरी, अंधेरीतलं एक खाजगी कॉलेज, काचेची इमारत आणि आत गारेगार. खाजगी कॉलेजात मी बाबांना घेऊन गेले होते. तिथल्या बाईंनी फी सांगितली तेव्हा बाबा मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, बाई दोन्ही वर्षांची, हॉस्टेलची आणि बहुतेक लग्नाचीही सांगतेय. बाई म्हणाल्या, "नाही सर, ही एका वर्षाची." मग बाबा हसले नाहीत. बाहेर येऊन त्यांनी रस्त्यावरच्या नळाचं पाणी तोंडावर मारलं आणि म्हणाले, "हय परत येवचा नाय."

विभागाची फी याउलट एवढी कमी होती की आमच्या गणपतीला त्याहून जास्त खर्च व्हायचा. हे मी उगाच म्हणत नाही, त्या वर्षी दोन्ही खर्च एकाच डब्यातून होणार होते. म्हणजे हिशोब सरळ होता. विभागात जागा मिळाली तर मी शिकणार, नाही मिळाली तर कुठल्यातरी पॅथॉलॉजीत लोकांच्या दंडाला रबर बांधत बसणार. तिसरा रस्ता नव्हता.

पहिल्या यादीत माझं नाव लागलं नाही. प्रतीक्षा यादीत वर होते. मुलुंडला राहणारी माझी मैत्रीण, कॉलेजात तिन्ही वर्षं माझ्याच बाकावर बसलेली, तिचं पहिल्याच यादीत लागलं. तिच्या घरी आई बँकेत, वडील सल्लागार, आजोबाही ग्रॅज्युएट. तिला यादी बघायचीसुद्धा घाई नव्हती. "तुझंपण लागेल गं, दरवर्षी पाच-सहा जणं सोडून जातात," ती म्हणाली. दुसऱ्या यादीची तारीख वेबसाइटवर होती, गणपतीनंतरची. म्हणून आम्ही गावी गेलो.

कोकणातल्या माणसाला गणपतीला गावी का गेलात असं विचारायचं नसतं. त्यातून ते वर्ष आमच्या पाळीचं. बाबा धरून चार भाऊ, घर एक, गणपती एक. दरवर्षी एका भावाने खर्च उचलायचा, म्हणजे चार वर्षांनी पाळी येते. पाळीच्या वर्षी त्या भावाचा शब्द घरात चालतो, असं म्हणतात. प्रत्यक्षात शब्द थोरल्या काकांचाच चालतो, ज्याची पाळी असेल त्याचं फक्त पाकीट चालतं.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी माझी फाईल बॅगेत भरली. दहावीपासूनच्या सगळ्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, सगळं प्लॅस्टिकच्या निळ्या फायलीत. त्यांना ती देवापुढे ठेवायची होती.

मी म्हटलं, "बाबा, ओरिजिनल कशाला? झेरॉक्स ठेवा ना."

"देवाक झेरॉक्स दाखवतलंस?" ते म्हणाले, आणि आईही हसली.

मीसुद्धा हसले. वेळ होती तोवर हसून घेतलं.

गावी चतुर्थीला पूजा झाली. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली रानफळांची चौकट, तिच्याखाली पाटावर मूर्ती आणि मूर्तीच्या उजव्या पायाशी माझी निळी फाईल. तिच्यावर दूर्वा, जास्वंद, एक करंजी. बाबांनी आधी ती साऱ्या वाडीला दाखवून आणली होती. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी फाईल हातात घेऊन तिचं वजन केलं.

मग गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे देवाला मनातल्या मनात मागत नाहीत. घरातला थोरला मोठ्याने मागतो आणि बाकी सगळे त्याच्यामागे हो म्हणतात, म्हणजे पुढे देवाने कानांवर हात ठेवायला नकोत. थोरल्या काकांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घराण्याची लेकरां आज तुझ्या पायाकडे उभी हत. ह्या चेडवान शिकान घराचा नाव केल्यान. तेका मुंबयच्या इद्यापीठात जागा गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि कोण आडवो इलो, तर तेका बाराच्या वाटेन लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझ्यासाठी एवढी माणसं एका सुरात ओरडली. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. आयुष्यात एकदाच एवढं बरं वाटलं असेल.

गावात तेव्हा मोबाईलला रेंज नव्हती. घरामागच्या सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळमाळावर, काजूच्या बागेपाशी उभं राहिलं की मिळायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेले आणि फोन सुरू करताच मैत्रिणीचे एवढे मेसेज आले की फोन हातात थरथरत राहिला. मी तिला फोन लावला.

"अगं कुठे मेलीस तू? लिस्ट लागलीये! तुझं नाव आहे!"

"गणपतीनंतर लागणार होती ना?"

"काल रात्रीच टाकली त्यांनी. ऐक ना, उद्या पाचपर्यंत ओरिजिनल दाखवायचेत, नाहीतर सीट वेटिंगला जाणार. वाट लागेल यार, तू आत्ताच निघ."

मी सड्यावरून धावत घरी आले. पुरुष पडवीत बसले होते. मी सगळं सांगितलं. आधी आनंदच झाला, काकांनी "बघलंस, देवान ऐकल्यान" म्हणून मिशीवरून हात फिरवला. मग मी म्हटलं की मला संध्याकाळच्या एस.टी.ने निघायला हवं आणि फाईल हवी.

काकांनी मिशीवरचा हात खाली घेतला.

"पाटावरची वस्तू उत्तरपूजेच्या आधी हलवची नाय," थोरले काका म्हणाले. "आमच्या बापाशीन कधी हलवक नाय."

उत्तरपूजा पाचव्या दिवशी. मी बाबांकडे पाहिलं. पाळीचं वर्ष त्यांचं, पैसा त्यांचा, मुलगी त्यांची, फाईल त्यांच्या मुलीची. बाबा भावाकडे बघत होते.

"मुदतवाढ होतली," ते म्हणाले.

"आणि नाही झाली तर?"

"होतली. इद्यापीठान कधी तारीख पाळल्यान हा?"

"पण नाही झाली तर, बाबा?"

"तर देवाच्या मनात नाय, असा समजाचा."

काकी आतून म्हणाली, "इतक्या शिकान खय जातलंस गो? शेवटाक भाकऱ्योच थापूच्यो." दोन-तीन जणी हसल्या. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, देवाला गुणपत्रिकेचं काय करायचंय, त्याला कुठे ॲडमिशन घ्यायचीय? बाबा उठले आणि त्यांनी माझ्या कानाखाली मारली. सगळ्यांसमोर. लहानपणीही त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. मारून झाल्यावर त्यांनी पुन्हा भावाकडेच पाहिलं, परीक्षेत उत्तर लिहिल्यावर पोर मास्तरांकडे बघतं तसं. गालापेक्षा मला ते बघणं जास्त लागलं.

जेवणं झाली. दुपारी पुरुष शेजारच्या घरी आरतीला गेले, बायका मागे भांडी घासत होत्या. मी परसात फणसाखाली बसून होते. रडत नव्हते, नुसती शिव्या देत होते, आणि त्यांत देव, विद्यापीठ, बाप, सगळे आले. तेवढ्यात आई मागच्या दाराने आली. देवापुढच्या समईत तेल घालायचं काम तिचं, त्यामुळे दिवसभर पाटापाशी जाणारी तीच. तिने पदराखालून निळी फाईल काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. दूर्वा तशाच चिकटलेल्या होत्या. प्लॅस्टिकचं झाकण नीट बसलेलं नव्हतं, त्यातून कुंकू आत गेलं होतं.

"पाचची गाडी गावतली तुका. बॅग घेव नको, कोण तरी बघीत," ती म्हणाली.

"तू काय सांगशील?"

"माका कायएक म्हायत नाय," ती म्हणाली. "तूच उचललंस. समाजला?"

मी मान हलवली. मला तेव्हा तिच्या पाया पडावंसं वाटलं. माझ्या आईने आयुष्यात बाबांना न विचारता शेजारणीला वाटीभर साखर दिली नव्हती, आणि तिने माझ्यासाठी देवाच्या पायाखालून फाईल काढली होती.

गणपतीत मुंबईहून कोकणात येणाऱ्या गाड्यांना मुंगीला शिरायला जागा नसते, आणि त्याच गाड्या परत जाताना ओस असतात. पाचच्या एस.टी.त मी आणि कंडक्टर एवढेच. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, हातात बॅग नाही, गाल सुजलेला.

"गणपती सोडून मुंबयत? कोण गेला काय गो बाय?"

मी हो म्हटलं. तो बिचारा चिपळूण येईपर्यंत माझ्याशी एक शब्द मोठ्याने बोलला नाही.

सकाळी घाटकोपरला उतरले ती घरी न जाता थेट विभागात गेले. तोंड धुतलं नव्हतं, कपडे गावचेच. विभाग दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात कुत्रं झोपलेलं, कार्यालयाचं दार अर्धं उघडं. दाराशेजारच्या फळ्यावर नवा कागद होता. त्यावर लिहिलं होतं की गणेशोत्सवानिमित्त कागदपत्र पडताळणीस पुढील आठवड्यापर्यंत मुदतवाढ देण्यात येत आहे.

मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. मग आत गेले. आत दोन कारकून आणि एक बाई डब्यातले मोदक खात होते.

"ही नोटीस कधी लागली?" मी विचारलं.

"काल संध्याकाळी वेबसाइटवर टाकलीये ना," मोठा कारकून म्हणाला. तेव्हा मी गाडीत होते.

"पण मी आता आणलेत ओरिजिनल. आता बघून घ्या ना."

"कोण बघणार? साहेब गावाला गेलेत. मालवण साईडला. पाच दिवसांचा असतो त्यांचा."

त्याने माझ्या हातातल्या फायलीकडे, त्यावरच्या सुकलेल्या दूर्वांकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं.

"देव सोडून आलात काय मॅडम? एवढी काय घाई होती? आम्ही काय माणसं नाहीत? आमच्या घरी काय गणपती येत नाहीत?" तो म्हणाला, आणि मोदक खाणारी बाई तोंडावर हात ठेवून हसली. मग तिने मला मोदक पुढे केला. मी घेतला. आदल्या दुपारपासून पोटात काही नव्हतं. तो मोदक मी तिथेच उभ्याने खाल्ला आणि अजूनही त्या मोदकाचा मला संताप येतो.

मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं सॉरी यार, मला काय माहीत एक्स्टेंड करतील! पण सीट तर पक्की ना? झकास." तिची काही चूक नव्हती. तिच्या घरी देव कपाटात बसतो आणि फाईल बँकेच्या लॉकरमध्ये.

संध्याकाळी सड्यावरून बाबांचा फोन आला. मी त्यांना मुदतवाढीचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण त्यांनी पहिलाच प्रश्न तो विचारला.

"काय सांगलेलंय मी तुका?" ते म्हणाले. ओरडले नाहीत. आवाजात चक्क समाधान होतं. मग म्हणाले, "फाईल कोणी दिल्यान?"

"मी घेतली."

"आता हय येव नको."

त्या घरातला माझा शेवटचा गणपती तो, हे तेव्हा मला कळलं नाही. मला वाटलं, रागात आहेत, उतरेल.

कदाचित उतरलाही असता. पण पाचव्या दिवशी विसर्जनाला निघताना थोरले काका डोक्यावर मूर्ती घेऊन पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची दगडी वाट, उतरत होते, आणि शेवाळावरून त्यांचा पाय सरकला. काकांना खरचटलं. गणपतीचा उजवा हात मोडला. ती पाखाडी दरवर्षी शेवाळते आणि दरवर्षी कोणी ना कोणी तिथे पडतं, गेल्या पाळीला धाकटे काका पडले होते, पण ते रिकाम्या हाताने पडले म्हणून देवाने मनावर घेतलं नाही. या वेळी कारण तयार होतं. त्यानंतर त्या घरात जे जे वाईट झालं ते माझ्या नावावर चढत गेलं. चुलतबहिणीचं जमलेलं लग्न मोडलं, ते माझ्यामुळे. वास्तविक तिनेच मुलाला फोन करून नको म्हटलं होतं. म्हैस आटली, माझ्यामुळे. त्या वर्षी आंब्याला मोहोर आला आणि जळला, तोही माझ्यामुळे. मी जीवरसायनशास्त्र शिकत होते, पण एवढ्या लांबून आंबा जाळण्याचा अभ्यासक्रम विद्यापीठात नव्हता.

पुढच्या आठवड्यात साहेब मालवणहून परतले. त्यांनी फाईल उघडली आणि बी.एस्सी.च्या गुणपत्रिकेवरचा कुंकवाचा डाग नखाने खरवडला. "ओरिजिनल नीट ठेवायची असतात," ते म्हणाले आणि सही केली. सगळं मिळून चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. खिडकीवर फी भरली, पावती घेतली. जागा मिळाली होती. घरी सांगायला कोणी नव्हतं, सगळे गावाहून यायचे होते.

ते आले त्या संध्याकाळी मला वाटत होतं की आई सांगेल. निदान बाबांना एकट्याला. बाबा जेवताना बोलत होते, भिंतीशी बोलावं तसं. माझ्या पोरीने नाक कापलं, भावाला तोंड दाखवायला जागा उरली नाही, एवढं शिकवून शेवटी घरातच चोरी. आई भात वाढत होती. मी तिच्याकडे बघत होते. तिने बाबांना वाढलं, मला वाढलं, आमटी हवी का विचारलं.

नंतर मोरीपाशी मी तिला गाठलं. "सांग ना गं त्यांना."

तिने हातातलं ताट धुऊन पालथं घातलं. "तू उद्या लगीन करून जातलंस," ती म्हणाली. "माका तेंच्यावांगडा रवाचा आसा. म्हातारपणी त्याच घरात जावचा आसा." मग म्हणाली, "फाईल गावली मां तुका? मग झाला."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी बोलले असते तर बाबांनी तिला त्या घरात पुन्हा पाऊल ठेवू दिलं नसतं. माझ्यापुढे विद्यापीठ होतं, तिच्यापुढे तीन जावा. म्हणून मी गप्प बसले. पण मला तिचा राग आला, आणि तो राग मी कधी गिळू शकले नाही. ज्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं होतं, तिच्याकडे बघायला मला त्या रात्रीपासून जड जाऊ लागलं.

त्या जागेत काय मिळालं म्हणाल, तर दोन वर्षं मिळाली. विभागातलं सर्वात महागडं यंत्र चादर पांघरून कोपऱ्यात बसलेलं असे, कारण दुरुस्तीच्या कंत्राटावर कुणाची तरी सही राहून गेली होती. आम्ही हातमोजे धुऊन वापरायचो. ओळखपत्र दुसऱ्या वर्षी मिळालं, त्यावर पहिल्या वर्षाची मुदत होती. एका सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, इथे खाजगीची फी परवडत नाही म्हणून कोण कोण आलंय, हात वर करा. निम्म्या वर्गाने हात वर केले. "मग निदान उपकार म्हणून तरी अभ्यास करा," ते म्हणाले. पण त्यांनीच शिकवलं, आणि चांगलं शिकवलं, हे मला नाकारता येत नाही. कँटीनचा वडा स्वस्त होता. वाचनालयात पंख्याखालची जागा धरायला मी डबा न घेताच घरून निघायचे. घरी फार वेळ थांबायचंही नव्हतं. शेवटचा निकाल उशिराच लागला. मी पहिल्या वर्गात पास झाले. बाबांनी गुणपत्रिका पाहिली, परत दिली, देवापुढे ठेवायचं नाव काढलं नाही.

आता मी अंधेरीत एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे. बाबांचा कारखाना बंद पडला, घर माझ्या पगारावर चालतं. दरवर्षी गणपतीला आईबाबा गावी जातात आणि मी मुंबईत राहते. कोणी ये म्हणत नाही, कोणी येऊ नको असंही म्हणत नाही. तिकीट दोनच काढायला सांगतात.

या वर्षी पुन्हा आमची पाळी आली. मूर्ती, माटवी, भजनी मंडळींचं जेवण, घराला रंग, सगळा खर्च माझ्या पगारातून झाला. बाबांनी पैसे मागताना मान खाली घातली नाही आणि मी देताना काही बोलले नाही. माझा पैसा त्या घरात चालतो, देवालाही चालतो. गावात आता टॉवर आलाय, घरातच रेंज मिळते.

चतुर्थीला दुपारी मी खोलीत एकटी होते. आईचा व्हिडिओ कॉल आला. ती कुजबुजली, "दर्शन घे गो," आणि तिने फोन देवाकडे वळवला. मूर्ती सुंदर होती. पाट मोकळा होता, पायाशी फुलंच फुलं. बाजूला बाबांची पाठ दिसत होती, नव्या शर्टातली. तोही मीच घेतलेला. मी हात जोडले. तेवढ्यात थोरल्या काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं आणि आईने फोन तसाच धरून ठेवला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी हत. तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गेल्या पाळयेक ह्या घरातल्या एका चेडवान तुझ्या पायाकडली वस्तू चोरून नेल्यान. तेची शिक्षा ह्या घराक देव नको. जा काय भोगूचा ता तेचा तेनाच भोगांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळं घर ओरडलं. बाबांची पाठ हलली, तेही ओरडले असणार, पण तो आवाज मला वेगळा ओळखू आला नाही. आईचा आला. फोन तिच्याच हातात होता, म्हणून तिचा आवाज सगळ्यांत मोठा आला, स्पष्ट, जराही न अडखळता.

गाऱ्हाणं संपलं. तिने फोन स्वतःकडे वळवला. कपाळावर मळवट, चेहरा घामेजलेला, खूश.

"दिसलो मां गो देव?" तिने विचारलं.

"दिसला," मी म्हटलं.